परागीभवन करणारे कीटक आणि आजची शेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, मधपाळ, परसबाग सांभाळणारे आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. परागीभवन करतात त्या मधमाश्याच ना? मग सरळ ‘मधमाश्या’च का म्हणत नाही?

कारण त्या या कामातल्या मूठभर आहेत. परागकणांवर पिल्लं वाढवणाऱ्या माश्यांच्या जगात २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी पोळ्यात मध साठवणाऱ्या, म्हणजे सातेरी, आग्या, फुलोरी, युरोपीय मेलिफेरा वगैरे, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. बहुतेक जाती एकांड्या आहेत. एक मादी, तिचं एक बीळ, राणी नाही, कामकरी नाहीत, मधही नाही. मराठीत या सगळ्यांना आणि घरातल्या माशीलाही ‘माशी’च म्हणतात, तिथून गोंधळ सुरू होतो. या पानावर ‘मधमाशी’ म्हणजे मध साठवणारी आणि ‘रानमाशी’ म्हणजे परागावर पिल्लं वाढवणाऱ्या बाकीच्या सगळ्या.

यांच्याशिवाय सिर्फिड माश्या (घरमाशीच्या जवळच्या), भुंगेरे, पतंग, फुलपाखरं, पक्षी आणि वटवाघळंही परागीभवन करतात. कोकोच्या फुलावर काम करतात ती दोन-तीन मिलिमीटरची चिलटं. मलेशियातल्या तेलताडाच्या बागांमध्ये १९८१ पर्यंत हातानं पराग टाकावा लागे. त्या वर्षी आफ्रिकेतला एक छोटा सोंडवाला भुंगेरा तिथे आणून सोडला, तेव्हा ते काम थांबलं.

२. गहू, भात, मक्याला माश्या लागतच नाहीत. मग अन्न संपेल अशी भीती का घालतात?

अन्न संपणार नाही, ताट बदलेल. जगातल्या ११५ प्रमुख खाद्यपिकांपैकी ८७ पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक फायदा होतो, पण वजनानं पाहिलं तर एकूण उत्पादनात या पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. हे सगळे ३५ टक्केही माश्यांवर उभे नाहीत. माश्या नसल्या तरी या पिकांचं काही उत्पादन येतंच. थेट त्यांच्यामुळे येणारा हिस्सा जागतिक उत्पादनाच्या ५ ते ८ टक्के आहे, असा जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाचा २०१६ चा अंदाज आहे.

आकडा लहान वाटतो, पण त्यात फळं, तेलबिया, बदामासारखी कवचफळं, कॉफी, कोको आणि भाज्यांचं बी येतं. जीवनसत्त्व अ, क आणि फोलेट यांचा मोठा भाग अशाच पिकांतून मिळतो. ‘माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारं वाक्य त्यांनी कुठे म्हटल्याचा पुरावा नाही. ते पुढे पाठवू नका.

३. जगात मधपेट्या वाढल्या आहेत असं वाचलं. मग घट कसली?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९६१ नंतरच्या जवळजवळ अर्ध्या शतकात पाळीव वसाहतींची संख्या जगभरात सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली. मात्र त्याच काळात परागीभवनावर अवलंबून असलेल्या पिकांचं उत्पादन ३०० टक्क्यांहून जास्त वाढलं. म्हणजे काम चौपट झालं आणि मजूर दीडपटही झाले नाहीत.

दुसरं असं की मधपेटी हे पशुधन आहे. वसाहत मेली तर मधपाळ उरलेल्या वसाहतीचं विभाजन करून नवी उभी करतो, त्यामुळे वर्षाअखेरची संख्या टिकून दिसते. मधली मर त्या आकड्यात दिसत नाही. कोंबड्या वाढल्या म्हणून चिमण्याही वाढल्या असं आपण म्हणत नाही, तसंच हे आहे. घट प्रामुख्यानं रानमाश्यांची आहे.

४. घट होते आहे याला पुरावा काय?

जर्मनीतल्या ६३ संरक्षित क्षेत्रांमध्ये १९८९ ते २०१६ या काळात एकाच पद्धतीचे सापळे लावून उडत्या कीटकांचं एकूण वजन मोजलं गेलं. ते २७ वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक घटलं होतं. ही शेतं नव्हती, राखीव जागा होत्या. त्यांतल्या बहुतेक जागांभोवती शेती होती, हे मात्र लक्षात घ्यायला हवं.

उत्तर अमेरिकेतली गंजरंगी ठिपक्याची बम्बलबी (लहान वसाहतीत राहणारी जाडजूड, केसाळ रानमाशी) एकेकाळी सर्रास दिसे. २०१७ मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत झाली. जगभरातल्या संग्रहालयांच्या आणि निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तर २००६ ते २०१५ या काळात दिसलेल्या माश्यांच्या जाती १९९० पूर्वीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशानं कमी भरतात. याचा अर्थ तेवढ्या जाती नामशेष झाल्या असा नाही. त्या इतक्या विरळ झाल्या की नोंदीत येईनाशा झाल्या. दीर्घकालीन मोजणीचा मोठा भाग युरोप आणि उत्तर अमेरिकेतला आहे, म्हणून तिथले टक्के उचलून जगभर लावू नयेत.

५. एक नेमकं कारण सांगा ना. कीटकनाशकं, मोबाइल टॉवर, हवामान, यातलं कोणतं?

एक नाही. माशीला तीन गोष्टी लागतात: हंगामभर फुलं, घरट्यासाठी न हलवलेली जागा आणि विषाशिवायची उडण्याची वेळ. आजची शेती या तिन्ही एकाच वेळी कमी करते. मोठं सलग शेत म्हणजे बांध गेले, त्यांच्याबरोबर घरट्याची जागा गेली आणि बांधावरची फुलंही गेली. तणनाशकानं उरलेली फुलं जातात. एकाच पिकावर कीड वाढते, मग फवारण्या वाढतात.

ही कारणं एकमेकांत मिसळून काम करतात. उपाशी माशी विष कमी सोसते, विषानं अशक्त झालेली माशी रोग कमी सोसते. पाळीव मेलिफेराला व्हरोआ कोळी (माशीच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी) आणि त्याच्याबरोबर पसरणारा पंख वाकडे करणारा विषाणू हा स्वतंत्र मोठा त्रास आहे. हा कोळी मुळात सातेरीवरचा. विसाव्या शतकात तो मेलिफेरावर गेला आणि तिला त्याची सवय नव्हती. हवामान बदलामुळे काही ठिकाणी फूल आणि माशी यांच्या वेळा चुकू लागल्या आहेत. टॉवरच्या लहरींमुळे शेतातल्या माश्या घटल्याचा भक्कम पुरावा मात्र नाही. त्या वादात वेळ गेला की फवारणीचा विषय बाजूला पडतो.

६. शेकडो एकर पीक एकदम फुलतं. माश्यांची तर चंगळच असेल?

असते, तीन आठवडे. मग उपवास. बम्बलबीची वसाहत नव्या राण्या हंगामाच्या शेवटी वाढवते, आणि तेव्हाच शेतात काही फुललेलं नसेल तर आधीच्या चंगळीचा उपयोग होत नाही. एकांड्या माशीचा उडण्याचा काळ काही आठवड्यांचा असतो. तो पिकाच्या फुलोऱ्याशी जुळला नाही तर तिला त्या शेतातून काहीच मिळत नाही.

शिवाय सगळ्या परागात प्रथिनं सारखी नसतात. सूर्यफुलाचा पराग प्रथिनांत कमी आणि मक्याचाही निकस. एकाच पिकावर वाढलेल्या वसाहतीत पिल्लं कमी आणि अशक्त निघतात. कॅलिफोर्नियाच्या बदामबागांसाठी दर फेब्रुवारीत अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक पाळीव वसाहती ट्रकांवरून तिथे नेल्या जातात. बागेत त्या वेळी बदामाशिवाय फारसं काही फुललेलं नसतं, आणि देशभरच्या वसाहती शेजारी-शेजारी आल्यानं कोळी आणि रोग यांची देवाणघेवाणही होते.

७. नियोनिकोटिनॉइड्सवरच एवढा रोख का? बाकीची औषधं काय निर्धोक आहेत?

निर्धोक नाहीत, पण यांची वाट वेगळी आहे. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायमेथोक्झाम ही या गटातली औषधं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत पसरणारी, आहेत. बियाण्याला चोळली की झाडात चढतात आणि पुढे परागात, मकरंदातही उतरतात. म्हणजे फुलोऱ्यात फवारणी टाळली तरी माशीला विष मिळू शकतं. बियाण्यावर लावलेल्या औषधाचा बहुधा वीस टक्क्यांहून कमी भाग पीक शोषतं. उरलेलं मातीत राहतं आणि तिथून बांधावरच्या रानफुलांत जातं.

इमिडाक्लोप्रिड पोटात गेल्यास सुमारे ४ नॅनोग्रॅम मात्रेला निम्म्या मधमाश्या मरतात. म्हणजे १ ग्रॅममध्ये अशा सुमारे २५ कोटी मात्रा बसतात. शेतात माशीला मिळतं ते सहसा याहून कमी. ती लगेच मरत नाही, पण वाट चुकते, कमी पराग आणते, राण्या कमी निघतात. ती चवीनं ओळखून टाळेल असं वाटतं, पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधमाश्या आणि बम्बलबी इमिडाक्लोप्रिड व थायमेथोक्झाम मिसळलेल्या साखरपाण्याकडेच जास्त गेल्या.

युरोपीय संघानं या तिघांवर २०१३ मध्ये माश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांपुरते निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंद केला.

८. लेबलवर ‘मधमाश्यांना सुरक्षित’ लिहिलं असेल तर फुलोऱ्यात फवारू का?

शक्यतो नाही. ही चाचणी बहुतेक वेळा प्रौढ मेलिफेरावर, एकट्या औषधाची, दोन ते चार दिवसांची असते. पिल्लं, रानमाश्या, महिनाभर थोडं थोडं पोटात जाणं आणि टाकीतली मिश्रणं (प्रश्न ९) त्यात बहुधा नसतात. शिवाय ‘सुरक्षित’ हे त्या मात्रेपुरतं आणि त्या वेळेपुरतं असतं. लेबलची पुढची ओळ वाचा. अनेकदा तिथेच ‘माश्या फुलांवर असताना फवारू नये’ असं छापलेलं असतं.

९. बुरशीनाशक आणि तणनाशक कीटकांसाठी नसतातच. त्यांनी माशीचं काय बिघडतं?

बुरशीनाशकानं माशीची विष पचवण्याची यंत्रणा अडते. प्रोपिकोनॅझोलसारखी औषधं बुरशीत जी विकरं बंद पाडतात, त्यांच्याच कुळातली विकरं माशीच्या शरीरात विषाचे तुकडे करत असतात. प्रयोगशाळेत प्रोपिकोनॅझोलबरोबर दिल्यावर थायाक्लोप्रिडची मधमाश्यांवरची विषारीता ५५९ पट आणि अॅसिटामिप्रिडची १०५ पट वाढली. इमिडाक्लोप्रिडची मात्र जेमतेम दीडपट वाढली. शेतात हे पट इतके मोठे दिसत नाहीत. तरीही ‘हे कीटकनाशक सौम्य आहे’ हा समज ते एकटं असतानाचा आहे, हे यातून कळतं. फुलोऱ्यात कीटकनाशक आणि बुरशीनाशक एका टाकीत घालू नका. पसरवणारी सिलिकॉनयुक्त द्रव्यंही त्यात ओतू नका.

तणनाशकाचं मुख्य नुकसान साधं आहे: फुलं जातात. उत्तर अमेरिकेत तणनाशक-सहनशील मका-सोयाबीन आल्यावर शेतातली रुईच्या कुळातली झुडपं संपली. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या केवळ त्यांच्यावरच वाढतात. ग्लायफोसेटमुळे मधमाशीच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू घटतात, हेही २०१८ च्या प्रयोगांत दिसलं.

१०. फवारणी टाळता येत नाही. माश्या वाचवून कशी करायची?

आधी शेतात जाऊन कीड मोजा. नुकसानीच्या पातळीखाली असेल तर पंप बाहेर काढूच नका. कॅलेंडर पाहून होणाऱ्या फवारण्यांतल्या किती टाळता आल्या असत्या, हे मोजल्यावरच कळतं.

करायचीच असेल तर पिकाचं फूल कधी मिटतं ते पाहा. काकडी, भोपळा, कलिंगड यांची फुलं पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात आणि दुसऱ्या दिवशी नवी येतात, म्हणून संध्याकाळची फवारणी फुलाच्या आत पोहोचत नाही. सूर्यफुलाचं फूल दिवसेंदिवस उघडं असतं. तिथे अंधार पडल्यावर फवारावं आणि सकाळपर्यंत असर उतरणारं औषध निवडावं. सकाळी लवकर फवारणं हीही वाईट सवय. औषध ओलं असतानाच माश्या येतात.

इथे एक अपवाद. थंडीत जड दव पडणार असेल तर रात्रीचं औषध वाळत नाही, आणि वाळलेलंही दवानं पुन्हा ओलं होतं. ज्या औषधाचा असर चार तासांत उतरतो, तोही सकाळपर्यंत टिकतो. अशा रात्री थांबलेलं बरं.

औषधाचं रूपही महत्त्वाचं आहे. भुकटी अंगावरच्या केसांना चिकटते, सूक्ष्म कुपीतलं औषध परागाच्या आकाराचं असतं आणि माशी तेच पोळ्यात साठवते, त्यामुळे विषबाधा आठवडे चालते. ही दोन्ही रूपं फुलोऱ्यात नकोत. दाणेदार औषध त्या मानानं कमी धोक्याचं.

पिकाखालचं तण फुलावर असेल तर एक दिवस आधी कापा. पीक फुलावर नसतानाही होणारी मर पुष्कळदा या तणातूनच होते. वारा पडलेला असावा, पण अगदी निपचित हवेत बारीक तुषार तरंगत दूर जातात, झुळूक बरी. पंप धुतलेलं पाणी खाचेत साचू देऊ नका, उन्हाळ्यात माश्या तिथेच पाण्याला येतात.

जवळच्या मधपाळाला ४८ तास आधी कळवा. पेट्या हलवणं सर्वात चांगलं, पण किमान पाच-सहा किलोमीटर दूर. त्याहून जवळ नेल्या तर माश्या जुन्या जागी परततात. हलवता येत नसेल तर संध्याकाळी दार बंद करून वर ओलं गोणपाट टाका आणि सकाळी शक्य तितक्या लवकर उघडा. उन्हात दिवसभर बंद ठेवलेली भरलेली पेटी आतल्या उष्णतेनंच मरते, औषधाची गरज उरत नाही.

११. पेटीसमोर माश्यांचा खच पडला आहे. विषबाधा की रोग?

मोठ्या वसाहतीच्या दारापुढे दिवसाला शंभरेक मेलेल्या माश्या दिसणं नेहमीचं आहे. दारापुढे एका दिवसात ५०० ते १,००० दिसल्या तर मध्यम, त्याहून जास्त असतील तर गंभीर विषबाधा समजा. मर अचानक, एकाच दिवशी, एका आवारातल्या जवळजवळ सगळ्या पेट्यांत दिसते. माश्या थरथरतात, गोल फिरतात, पुष्कळांची जीभ बाहेर आलेली असते. रोगात मर सावकाश असते आणि पेटीगणिक वेगळी. चौकटीतल्या पिल्लांकडेही पाहा: खचलेली झाकणं, वास, खडूसारखी पिल्लं, हे रोगाकडे बोट दाखवतं.

खच नाही म्हणून विषबाधा नाही असं समजू नका. मंद औषधात कामकरी शेतातच मरतात. पेटीसमोर काहीच दिसत नाही, आत पिल्लं भरपूर आणि त्यांना सांभाळायला माश्या कमी.

नमुना त्याच दिवशी घ्या, उन्हात औषध विघटित होतं. नुकत्याच मेलेल्या किमान २००-३०० माश्या कागदी पिशवीत घालून लगेच फ्रीझरमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बाहेर राहिल्या तर त्या कुजतात. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आसपास काय फुललं होतं आणि काय फवारलं, हे लिहून ठेवा.

१२. पेट्या आणून ठेवल्या की परागीभवनाचा प्रश्न मिटतो का? किती लागतात?

पीक मधमाशीजोगं असेल तर बराचसा मिटतो. सूर्यफूल आणि वेलवर्गाला हेक्टरी दोन ते पाच, बदामाला पाचच्या आसपास भक्कम वसाहती धरतात. भक्कम म्हणजे माश्यांनी झाकलेल्या सहा ते आठ चौकटी. आत उघडी पिल्लं हवीत, कारण पराग त्यांच्यासाठीच आणला जातो. अर्धवट भरलेल्या दहा पेट्यांपेक्षा अशा पाच बऱ्या. पेट्या ५ ते १० टक्के फुलं उमलल्यावरच आणा. आधी आणल्या तर माश्या आजूबाजूच्या दुसऱ्या फुलांवर बसायला लागतात आणि तिथेच चिकटून राहतात.

तरीही रानमाश्यांची जागा त्या पूर्ण भरत नाहीत. जगभरच्या ४१ पीकपद्धतींची माहिती २०१३ मध्ये एकत्र पाहिली, तेव्हा रानकीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा जवळपास सगळीकडे वाढली. मधमाश्यांच्या भेटींनी मात्र थोड्याच ठिकाणी.

१३. टोमॅटो आणि वांग्यावर मधमाश्या फिरकत का नाहीत?

या फुलांत मकरंद नाही, आणि पराग मिठाच्या डबीसारख्या बंद पुंकेसरात असतो, टोकाला बारीक भोक. फूल पकडून छातीचे स्नायू जोरात थरथरवले तरच तो सांडतो. बम्बलबी, सुतारी भुंगा आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्यांना हे जमतं, मधमाशीला नाही. उघड्या शेतात वाऱ्यानं टोमॅटोचं थोडंफार भागतं. हरितगृहात वारा नसतो, म्हणून १९८७ च्या सुमारास बम्बलबीच्या वसाहती विकायला सुरुवात झाली.

त्यातून नवं संकट उभं राहिलं. युरोपीय बम्बलबी १९९० च्या दशकात चिलीत आणली गेली आणि दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरली. तिथली मूळची महाकाय केशरी बम्बलबी तिच्या मागोमाग अनेक ठिकाणांहून नाहीशी झाली. आपल्या प्रदेशात मुळात नसलेली माशी आणू नये.

१४. माश्या वाचवायच्या म्हणून मी मधपेटी घेऊ का?

मधासाठी घ्या, पिकासाठी घ्या. ‘वाचवण्यासाठी’ नको. एका भरलेल्या पेटीत हजारो माश्या असतात आणि फुलं तेवढीच राहतात. फुलं कमी असलेल्या जागी त्या रानमाश्यांचं खाणं पळवतात, शिवाय फुलांवरून विषाणूही देतात. ज्याला मदत करायची आहे त्यानं फुलं आणि जागा द्यावी (प्रश्न १५).

१५. बांधावर काय लावू आणि किती?

नावांची यादी सगळीकडे चालत नाही, नियम चालतो. हंगामाचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागात फुलणाऱ्या किमान तीन स्थानिक जाती निवडा. पिकाचा फुलोरा संपतो तिथे सर्वात जास्त फुलं हवीत. प्रत्येक जातीचा निदान एक चौरस मीटरचा ताटवा करा, विखुरलेलं एकेक झाड माशीला परवडत नाही. उथळ आणि खोल, दोन्ही आकारांची फुलं घ्या. दुहेरी पाकळ्यांची शोभेची वाणं नकोत, त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. रोपवाटिकेतली रोपं आंतरप्रवाही औषध दिलेली नाहीत ना, हे विचारून घ्या.

पट्टा तीन मीटरहून अरुंद असेल तर शेतातला तुषार पूर्ण त्यावर बसतो आणि तुम्ही माश्यांना बोलावून विष दिल्यासारखं होतं. पिकाशी लागून एक-दोन ओळी न फवारता सोडा. अंतरही पाहा: मधमाशी काही किलोमीटर जाते, लहान रानमाशी दोन-तीनशे मीटरच. त्यामुळे शेताच्या एका टोकाला मोठा पट्टा देण्यापेक्षा मधूनमधून लहान पट्टे जास्त कामाचे. कोस्टा रिकातल्या एका कॉफीमळ्याचा २००४ चा अभ्यास आहे. जंगलाच्या तुकड्यापासून एक किलोमीटरच्या आतल्या झाडांना २० टक्के जास्त उत्पन्न मिळालं.

आणि थोडी उघडी, उन्हातली, न नांगरलेली, पाणी न साचणारी जमीन तशीच राहू द्या. साधारण ७० टक्के माश्या जमिनीत राहतात. लोकांना ही जागा ओसाड दिसते आणि ते तिथे आच्छादन पसरतात, तीच चूक.

१६. बाजारात मिळणारं ‘माश्यांचं हॉटेल’ उपयोगी आहे का?

उरलेल्या ३० टक्क्यांतल्या काहींना. भोकं ३ ते १० मिमी व्यासाची, सुमारे १५ सेंमी खोल, मागून बंद आणि आतून गुळगुळीत हवीत. भोक आखूड असेल तर नरच जास्त निघतात, कारण मादीची अंडी माशी आत खोलवर घालते. तोंड सकाळच्या उन्हाकडे ठेवा, वर पावसापासून आडोसा द्या आणि डोलणार नाही असं बांधा. नळ्या दर एक-दोन वर्षांनी बदला, नाहीतर बुरशी आणि परजीवी साठतात. प्लॅस्टिकच्या नळीत ओल धरते.

१७. सेंद्रिय शेती केली तर हे सगळं आपोआप सुटतं?

बरंच सुटतं, सगळं नाही. सेंद्रिय शेतांवर जीवजातींची संख्या सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळते. पण स्पिनोसॅड आणि पायरेथ्रम सेंद्रियात चालतात आणि ओले असताना माशीला मारतात, त्यामुळे वेळेचे नियम (प्रश्न १०) तिथेही तेच. तणनाशकाऐवजी वारंवार खोल मशागत केली, तर जमिनीतली घरटी उलटतात. भोपळ्याच्या फुलांवर जगणाऱ्या अमेरिकी रानमाश्या त्याच वाफ्याच्या मातीत अंडी घालतात. आणि शंभर एकर सलग सेंद्रिय एकपीक हेही एकपीकच.

१८. फळं कमी धरली. दोष परागीभवनाचाच हे कसं ओळखू?

अंदाज करू नका, तीन रंगांचे दोरे घ्या. उमलायच्या आदल्या संध्याकाळी २० कळ्यांना एक रंग बांधून बारीक जाळीची पिशवी घाला, म्हणजे माशी पोहोचणार नाही. दुसऱ्या रंगाच्या २० फुलांना हातानं भरपूर पराग लावा. तिसऱ्या २० नुसत्या खुणा करून सोडा. दोन आठवड्यांनी धरलेली फळं आणि पुढे त्यांतलं बी मोजा. हातानं लावलेल्यांत जास्त धरली तर परागाची कमतरता आहे. हातानं लावूनही उघड्यांइतकीच धरली तर पाणी, अन्नद्रव्यं, उष्णता किंवा रोग पाहा. पिशवीतही तितकीच धरली तर त्या वाणाला माशीची गरजच नाही.

फुलं वेगवेगळ्या झाडांवर घ्या. एकाच झाडावर घेतली तर झाड हातानं पराग लावलेल्या फळांना अन्न देऊन बाकीची गाळतं आणि फरक फुगलेला दिसतो.

फसवणारे प्रकार: वेलवर्गात सुरुवातीला नुसती नरफुलं येतात, तेव्हा फळ नसणं हा दोष नाही. काकडी एका टोकाला बारीक, स्ट्रॉबेरी एका बाजूला चपटी, हा अपुऱ्या परागाचा नमुना आहे. कलिंगडाच्या मादीफुलावर सुमारे १,००० परागकण पडावे लागतात, म्हणजे मधमाशीच्या आठेक भेटी. बिनबियांच्या कलिंगडाला स्वतःचा चांगला पराग नसतो, म्हणून मध्ये बियांच्या वाणाच्या ओळी लागतात. हरितगृहातल्या बिनबियांच्या काकडीचं नेमकं उलट: तिथे माशी आत आली तर फळ फुगून वाकडं होतं. तिथे जाळी लावा, पेटी नको.

१९. हातानं परागीभवन करून भागणार नाही का?

थोड्या झाडांपुरतं भागतं. व्हॅनिलाचं जवळजवळ सगळं पीक हातावरच आहे. ती पद्धत १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. चीनच्या सिचुआन प्रांतात हानयुआन भागातले पेअर बागायतदार पिसांचा कुंचला घेऊन झाडावर चढतात. तिथल्या फवारण्या हे एक कारण, एकमेकांना पराग देणारी वाणं पुरेशी नसणं हे दुसरं. फक्त पहिलंच कारण सांगितलं जातं.

भोपळावर्गात करायचं तर सकाळी नऊच्या आत ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादीफुलाच्या कुक्षीच्या सगळ्या भागांवर हलकेच फिरवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. फूल पावसानं भिजलेलं असेल तर सोडून द्या, ओला पराग फुटतो.

२०. माझा फक्त मका आहे. त्याला माशी लागत नाही, मग माझा काय संबंध?

मक्याला माशी लागत नाही, पण माशी मक्यावर येते. दुसरं काही फुललेलं नसेल तर मधमाश्या मक्याचा तुरा झाडून पराग नेतात, त्यामुळे तुऱ्याच्या वेळी सकाळची फवारणी नको. औषध लावलेल्या बियाण्याच्या कोवळ्या रोपांच्या पानांच्या टोकाला सकाळी पाण्याचे थेंब येतात. त्यांत औषधाचं प्रमाण परागापेक्षा कित्येक पट असू शकतं.

सर्वात मोठा धोका पेरणीच्या दिवशी. २००८ मध्ये जर्मनीत वरच्या ऱ्हाइन खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरचं क्लोथियानिडिन नीट चिकटलेलं नव्हतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी त्याची धूळ शेजारच्या फुललेल्या बागांवर उडवली आणि सुमारे ११,५०० वसाहतींना विषबाधा झाली. औषध लावलेलं बी वापरत असाल तर पिशवीच्या तळाशी उरलेली भुकटी यंत्रात ओतू नका. यंत्राच्या हवेचा झोत जमिनीकडे वळवा, आणि शेजारी काही फुलावर असेल तर वाऱ्याची दिशा पाहून पेरा. वारा त्या बाजूला असेल तर तो बदलेपर्यंत यंत्र उभं ठेवा.